पहिल्या पिकाचा कोपरा

वसईला एसटीतून उतरलो, तर रिक्षावाल्यानं विचारलं, "भुईगाव? बीचला ना?"

म्हटलं, "नाही, स्फटिक बघायला." मग त्यानं वाटभर मला आरशातून न्याहाळलं.

नाशिकहून मी आलो होतो रीटासाठी. ती माझी जुनी वर्गमैत्रीण. आता इथल्याच एका कॉलेजात शिकवते आणि तिथल्या भट्टीत चुंबकी स्फटिक वाढवते. हे चुंबक मोठे हट्टी. तांब्याचे अणू त्रिकोणात बसलेले, प्रत्येक म्हणजे चिमुकला चुंबक, आणि प्रत्येकाला शेजाऱ्याच्या उलट तोंड करायचं. दोघांचं जमतं, तिसऱ्याची पंचाईत. कितीही गारठवा, भांडण मिटत नाही. रीटा या भांडणाच्या प्रेमात आहे.

वाडीतल्या (बागायतीतल्या) घरी तिची आई, मोनिकामावशी, परडीत भाताची नवी कणसं रचत होत्या. पहिलं पीक चर्चमध्ये आशीर्वादाला न्यायचं. कणसांच्या मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढा हिरवागार स्फटिक. रीटानं भट्टीतल्या बंद नळीत, पाण्यात, वर्षभर वाढवलेला. एवढा मोठा हा एकच.

"तिचंही पहिलंच पीक हाय," मावशी म्हणाल्या.

मी घाबरून रीटाला विचारलं, "तीर्थ शिंपडतील ना?"

"पाण्यातच वाढलाय तो," ती हसली.

आशीर्वाद झाला आणि दुपारी आम्ही तिघं प्रयोगशाळेत गेलो. स्फटिकाचा कोपरा फोडून, पूड करून क्ष-किरणांखाली धरायची होती. आत भलतं काही मिसळलेलं निघालं तर अख्खं वर्ष वाया. पण रीटा चिमटा धरून नुसती बसून राहिली.

"आई, सकाळीच आशीर्वाद झालाय. फोडायला हात होत नाही."

"आशीर्वादाचा दाणा आपण उखळात घालतोच ना? नायतर खानार काय?" मावशींनी खल पुढे सरकवला. "फोड."

रीटानं फोडला. पडद्यावर रेषेची शिखरं एकेक करून उभी राहिली. नको त्या पदार्थाचं एकही नव्हतं. रीटानं आईचा हात घट्ट धरला. मला दोघींचा फार अभिमान वाटला, आणि डोळेही भरून आले.

निघताना मावशींनी सुकेळी (वाळवलेली केळी) बांधून दिली. आमच्या घरी चांगली वस्तू जपून ठेवायची रीत. चांगल्या कपबश्या पाहुण्यांची वाट बघत कपाटातच म्हाताऱ्या झाल्यात. सवयीनं पुडी पिशवीच्या तळाशी ठेवली. बस सुटली तशी काढून उघडली, एक खाल्लं, शेजाऱ्यालाही एक दिलं. घरी पोचल्यावर आधी त्या कपबश्या काढून धुतल्या, आणि मग चहा टाकला.