खिशातल्या तीन ग्रिपा

इतिहास विषय घेऊन बी.ए. झाल्याचा थेट परिणाम म्हणून मी कसबा बावड्याच्या रस्त्याला एका लाकूडकामाच्या कारखान्यात लागलो. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती. दारं, चौकटी आणि खोकी बनवण्याचं काम. मधोमध गोल करवतीचं मशीन, लोखंडी टेबलातून अर्धं वर आलेलं पातं, आणि त्याच्यावर पत्र्याचा गार्ड. हाताखाली एक पदवी असलेला माणूस आहे, हे मालक पाहुण्यांना आवर्जून सांगत. पगाराच्या बाबतीत मात्र त्या पदवीचा उल्लेख होत नसे.

मशीनवर मला तयार केलं ते मिस्त्रींनी. सगळे त्यांना मामा म्हणायचे. पेठ वडगावहून एसटीनं यायचे. वय पन्नाशीच्या पुढं, आणि दोन्ही हातांची मिळून दहा बोटं. आमच्या धंद्यात याच्यापेक्षा मोठं प्रमाणपत्र नाही. मला ते मास्तर म्हणत, कारण मी खोक्यात भरायला आणलेली जुनी वर्तमानपत्रं भरण्याआधी वाचून काढायचो.

"मास्तर, मशीन बंद हाय म्हंजे काय?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"खटका खाली आहे."

"खटका कुणीबी वर करंल की. ग्रिपा कुठं हायत?"

फ्यूजच्या पांढऱ्या चिनी मातीच्या ठोकळ्यांना आम्ही ग्रिपा म्हणायचो. मशीनच्या तीन ग्रिपा मालकांच्या केबिनबाहेर, भिंतीवरच्या पेटीत असत. तिथून मशीन दिसत नसे, मध्ये फळ्यांची थप्पी होती.

"पेटीत आहेत," मी म्हणालो.

"मग मशीन चालूच हाय म्हणायचं."

पातं बदलायची मामांची रीत ठरलेली होती. ज्यानं पात्याला हात लावायचा, त्यानंच जाऊन तिन्ही ग्रिपा काढायच्या आणि स्वतःच्या खिशात ठेवायच्या. दुसऱ्याच्या हातात द्यायच्या नाहीत. चहाला गेला तर चहाला न्यायच्या, लघवीला गेला तर तिकडंही. मग खटका वर करून बघायचा, मशीन खरंच मेलंय ना. दातांत लाकडाची पाचर अडकवायची. नट पात्याच्या फिरण्याच्या दिशेनंच सुटतो, उलटा जोर लावला तर पाना सटकतो आणि बोटं दातांवर जातात. नवं पातं रॉकेलनं पुसून उजेडात धरायचं, दातांच्या मुळाशी चीर दिसते का बघायचं. वरचे दात आपल्याकडं तोंड करून. पाचर काढून हातानं एक फेरा. गार्ड सहज खाली येतो का, कुठं घासतो का. आणि पहिल्यांदा चालू करताना पात्याच्या समोर नाही, बाजूला उभं राहायचं.

"आणि मामा, कुणी दुसऱ्या ग्रिपा आणून बसवल्या तर?" मी विचारलं होतं. इतिहास शिकलेल्या माणसाला दगाफटक्याचे प्रश्न आधी सुचतात.

"कोण आणतोय? हितं जोड एकच हाय. दुसरा आला तर पयला मला कळंल, आन् मला कळलं की तुला."

पात्यात हात घालताना माझा भरवसा एवढ्याच वाक्यावर असायचा.

त्यांच्या कागलच्या भाच्याचं लग्न निघालं तेव्हा गंमत झाली. सकाळी पातं बदलून, गार्डचा एक बोल्ट नवा आणायचा म्हणून मामांनी ग्रिपा खिशात ठेवल्या आणि तशीच दुपारची एसटी धरली. मशीन दीड दिवस बंद. मालकांनी मोटरसायकलवर माणूस पाठवला, तो जेवणाच्या पंगतीत मामांपर्यंत पोचला. मामांनी खिसा चाचपला, ग्रिपा असल्याची खात्री केली, आणि म्हणाले, "सुरक्षित हायत. उद्या येतो की." त्या माणसाला जेवायला बसवलं. ग्रिपा मात्र दिल्या नाहीत, कारण दुसऱ्याच्या हातात द्यायच्या नाहीत.

परत आल्यावर ही हकीगत त्यांनीच आम्हाला तीनदा सांगितली. मालक हसले नाहीत. मलाही त्यात काही खटकलं नाही. उलट वाटलं, माणूस असावा तर असा.

तीन-चार महिन्यांनी मालकांना एका मंडळाचा उद्योजक पुरस्कार मिळाला. मंडळाचे खजिनदार तेच होते. सत्काराचा एक भाग म्हणून कसल्याशा संस्थेचे अध्यक्ष कारखाना बघायला येणार होते. रंगाऱ्याकडून 'सुरक्षितता हेच आमचे ब्रीद' असा फलक करून घेतला होता. मालकांचं नाव ब्रीदापेक्षा मोठ्या अक्षरात होतं.

पाहुणे पाचला येणार म्हणून दुपारी मी पातं बदलायला घेतलं. ग्रिपा काढल्या, खिशात टाकल्या. खटका वर करून बघितला, मशीन मेलेलं. इथं माझी चूक झाली, ती सांगायला हवी. खटका परत खाली करायला हवा होता. मामा स्वतः तो ग्रिपा परत बसवायला जातानाच पाडत, म्हणून मीही तोवर वरच ठेवत असे. ग्रिपा खिशात असताना खटक्याला कोण विचारतो?

नवं पातं चढवलं, नट आवळला, पाचर दातांतच होती. गार्डचा बोल्ट सैल वाटला म्हणून गार्ड सोडून दाराशी उजेडात नेला. चार पावलं गेलो असेन, तेवढ्यात पाठीमागं मशीन ओरडलं. पाचर सुटून माझ्या कानाजवळून गेली आणि समोरच्या पत्र्यात घुसली.

मी खिशाला हात लावला. तिन्ही ग्रिपा होत्या.

थप्पीच्या पलीकडून टाळ्या ऐकू आल्या. पाहुणे चारलाच आले होते. "वा, आवाजच सांगतोय की दणकट मशीन आहे," अध्यक्ष म्हणाले. मी धावत जाऊन खटका खाली केला. पातं थांबेपर्यंत मला माझे हात बघत राहावंसं वाटलं.

अध्यक्ष गेल्यावर मालक आत आले, मागोमाग मामा. पत्र्यातली पाचर बघून मालकांचा चेहरा उतरला.

"खटका चालू कुणी ठेवलेला?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडण्याआधी मामा म्हणाले, "ह्यानं. मी शंभरदा सांगितलंय, खटका पाडत जा म्हणून."

एकदाही सांगितलं नव्हतं.

"मालक, पेटीत ग्रिपा कुठनं आल्या?" मी खिशातल्या तिन्ही काढून टेबलावर ठेवल्या.

"ड्रॉवरमधल्या. पाहुण्यांसमोर मशीन सुरू करायचं होतं आन् पेटी रिकामी दिसली. मिस्त्री कागलला घेऊन गेलते तेव्हाच मी दुसरा जोड आणला. मिस्त्रींना म्हाईत हाय की." मालकांच्या आवाजात अपराध नव्हता. सोय केली होती त्यांनी.

मालक गेल्यावर मी मामांकडं बघितलं.

"सांगणार व्हतो मी," ते म्हणाले.

"तीन-चार महिने?"

"आरं, लोकास्नी कळलं असतं की मामाच्या ग्रिपांवाचूनबी मशीन चालतंय. मग मला कोण इचारतंय हितं?" मग आवाज चढवून, "आन् काय झालं न्हाय न्हवं? बोटं हायत न्हवं जाग्यावर?"

"मालक ग्रिपा बसवत होते तेव्हा तुम्ही कुठं होता?"

"मी पाक मागं व्हतो. मला दिसलंच न्हाय."

हे मी मानलं. मानायची इच्छा होती म्हणून मानलं. म्हाताऱ्या माणसाला मान टिकवायचा असतो, त्यापायी तो एखादी गोष्ट लपवतो, हे मला समजू शकत होतं. राज्यं याच कारणानं बुडाली आहेत, हा तर एक कारखाना. आठवडाभर मी मामांच्या शेजारी बसूनच डबा खाल्ला.

मग फोटोग्राफरनं फोटो आणून दिले. मालकांनी त्यातला एक मोठा करून केबिनमध्ये लावला. मालक पेटीत ग्रिप बसवताहेत, अध्यक्ष कौतुकानं बघताहेत, आणि दोघांच्या मधोमध, पेटीपासून हातभर अंतरावर, नारळाचं ताट धरून मामा उभे. नजर ग्रिपेवर नाही, कॅमेऱ्यावर. डोक्यावर नवी टोपी, चेहऱ्यावर हसू. आत मी पात्याशी आहे हे त्यांना माहीत होतं, पातं बदल म्हणून त्यांनीच तर सांगितलं होतं.

मी त्यांना केबिनच्या दारात बोलावून फोटो दाखवला. फोटोतल्या ताटावर बोट ठेवून ते म्हणाले, "हातात ताट व्हतं रं माझ्या. एवढ्या मोठ्या मान्सासमोर मधीच कसं बोलायचं?"

दोन दिवसांनी पातं बदलायची वेळ आली. मी तिन्ही ग्रिपा काढून खिशात ठेवल्या. खटका वर केला, बघितला, खाली पाडला. मग टेबलाखाली वाकून मोटरीवरचा पट्टा उतरवला. तो उतरवला की कुणी कितीही ग्रिपा बसवाव्यात, मोटर एकटीच फिरते, पातं जागचं हलत नाही. पट्टा खांद्यावर टाकून मी पाना घेतला.

मामा शेजारीच उभे होते. आमच्या कारखान्यात पट्टा कधी कुणी उतरवला नव्हता. तो परत चढवायला पाव तास जातो आणि हात काळे होतात.

"आता पट्टाबी?" ते म्हणाले.

"हो."

"मास्तर, माझ्यावर इस्वास न्हाय व्हय?"

मी नट सोडत होतो. "मामा, जरा बाजूला व्हा," मी म्हणालो, "उजेड अडतोय."

ते बाजूला झाले. पुढची सहा वर्षं मी त्या मशीनवर होतो, आणि दर वेळी पट्टा उतरवला. मामांनी पुन्हा विचारलं नाही. मी पट्टा उतरवायला वाकलो की ते तंबाखूची डबी काढून बाहेर जायचे, आणि पातं फिरल्याचा आवाज आल्याशिवाय आत यायचे नाहीत.