भोगाचे पेढे

आजारी पडल्याचे पेढे वाटणारा माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात एकच असेल, आणि तो तळेगावात आमच्या घराला लागून राहतो! आमचे शेजारचे काका. दोन एकर संत्र्यांचे मालक, रोज संध्याकाळी देवळात पोथी वाचणारे, आणि अंगात ताप चढला की सण आल्यासारखे खूश होणारे. बाकीचे लोक तापात पांघरूण ओढून कण्हतात. काका आंघोळ करतात, धुतलेला सदरा घालतात, कपाळाला अष्टगंध लावतात आणि ओसरीवर येऊन बसतात. तब्येत विचारायला आलेल्याच्या हातावर आधी पेढा! "घ्या, तोंड गोड करा. कोन्या जन्माचं पाप आज जळून राह्यलं!" आलेला माणूस गोंधळतो, चौकशी करायची विसरतो आणि अभिनंदन करून घरी जातो.

त्यांना मुतखडा झाला तेव्हाची गोष्ट तर मी कधीच विसरणार नाही. तीन दिवस ते घाम पुसत, हसत घरभर येरझारा घालत होते. खडा पडला तसा त्यांनी तो धुऊन कुंकवाच्या जुन्या डबीत ठेवला आणि आल्यागेल्याला दाखवू लागले. "पाहा, हरभऱ्याएवढा हाये! पाप मोठंच असन बाप्पा!" माझ्या भोळ्या आईने त्या डबीला हात जोडले. संत्री तोडताना शिडीवरून पडून हात मोडला, तर प्लास्टर मिरवत आष्टीचा बाजार करून आले. डॉक्टरची गोळी मात्र एकदाही चुकवत नसत. मी एकदा छेडलं, "काका, भोग भोगायचा तर गोळी काऊन घेता?" तर म्हणाले, "भोगाले नाई म्हनाचं नसते पोट्ट्या. पन गोळीनं त्याचा अपमान थोडीच होते?" आतून काकूंचा आवाज आला, "पाप ह्यायचं जळते अन् पेढ्याचं दूध मले आटवा लागते!"

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर, आणि त्या पदवीत काकांच्या एका तापाचा वाटा आहे. शेवटच्या वर्षाच्या पेपरच्या दिवशी माझी एसटी चुकली. काकांना हिवताप, दातावर दात वाजत होते. तरी त्यांनी मोपेड काढली! मी म्हटलं, "काका, तुम्ही झोपा." तर ओरडले, "थंडी मले वाजून राह्यली, तुह्या पेपरले नाई! बस मांगं!" सगळ्या वाटेभर हँडल त्यांच्यासोबत थरथरत होतं, पण मी घंटेआधी दहा मिनिटं वर्गात होतो.

मागच्या उन्हाळ्यात काकूंना लकवा मारला. डावं अंग गेलं, बोलणं बंद. त्यांना वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात भरती केलं. मी नोकरीमुळे वर्ध्यालाच नालवाडीत राहतो, म्हणून काका माझ्याकडे उतरले, पण जेवणापुरतेच. बाकी सारा वेळ खाटेजवळ. चौथ्या दिवशी काकूंचे भाऊ भेटायला आले. जाताना काकांच्या खांद्यावर हात ठेवून अगदी मायेने म्हणाले, "भाऊजी, मांगच्या जन्माचं असन बाईचं काही. जळून जाईन." ते वाक्य काकांचंच होतं. पण काका असे कडाडले की वॉर्डातल्या सगळ्या माना वळल्या! "ते मी माह्यासाठी म्हनतो! दुसऱ्याच्या खाटेजवळ उभं राहून म्हनाचं नसते ते! तिनं कोनाचं काय वाईट केलं? सांग न!" माझ्या उभ्या आयुष्यात काकांना चिडलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. भाऊ बिचारे खाली मान घालून निघून गेले.

त्यानंतर काकांनी पोथीइतक्याच श्रद्धेने काकूंचा हात धरला. दवाखान्यात शिकवलेला व्यायाम दिवसातून दहा वेळा. एकेक बोट वाकवायचं, सरळ करायचं, आणि तोंडाने संत्र्यांची, शेजाऱ्यांची, गाईची खबर चालू. आणि एका दुपारी ऑफिसात मला फोन! "हलली! करंगळी हलली! तू काम सोड अन् ये!" मी धावत पोचलो, तोवर त्यांनी नर्सपासून शेजारच्या खाटेवरच्या आजीपर्यंत सगळ्यांना गोळा करून ती करंगळी दाखवली होती.

काकू आता घरी आहेत. डावा हात अजून साथ देत नाही, शब्द एकेक करून येतात. परवाच्या रविवारी मी तळेगावला गेलो, तर काका त्यांची वेणी घालत होते. मला पाहून थांबले नाहीत. हळूच म्हणाले, "तू शिकला बॉ, म्हनून इचारतो. दुसऱ्याचा भोग आपल्याले भोगता येते का? मी रोज देवाले म्हनतो, थोडा इकडं दे. तो देतच नाई."

तेवढ्यात काकूंचे ओठ हलले. थांबत थांबत त्या म्हणाल्या, "अन्... इतके दिवस... काय करून राह्यले... मंग?"

काकांच्या हातातला कंगवा थांबला. मग त्यांनी वाकडी झालेली वेणी सोडली आणि पहिल्यापासून घालायला घेतली.