कानबाईची नथ आणि अर्धं दळण

जात्यात मूठभर गहू घालून दगूबाईनं खुंटा धरला आणि तशीच थांबली. एकोणीसशे पस्तीसचा श्रावण होता, कोरीट गावात अजून पिठाची गिरणी आलेली नव्हती. उद्या रविवार, घरोघरी कानबाई देवी बसायची. घरातल्या एकेकाच्या नावानं मुठी काढून ठेवलेले गहू रोटासाठी, देवीच्या नैवेद्याच्या पोळ्यांसाठी, दळायचे होते. निम्मे दळून झाले, निम्मे सुपात होते. पण तिचा कान ओसरीकडे लागला होता. तिथं तिचा नवरा, सुपडू सोनार, शेगडीपुढं बसला होता आणि फुंकणीचा आवाज काही येत नव्हता. येत होता तो नुसता घासण्याचा.

सुपडूचा हात फार गोड. पण आबा, त्याचा बाप, गेल्यापासून तो एकटाच बसे, आणि अवघड काम समोर आलं की त्याला नेमकी दुसरी कामं सुचत. गजराबाई पाटलीण नागपंचमीच्या आधीच त्यांच्या कानबाईची नथ देऊन गेली होती. नथ सुपडूच्या बापानंच घडवलेली, आता तार वाकणात तुटलेली. तुटलेल्या जागी वितळत्या सोन्याचा डाग देऊन ती सांधायची. फुंकर जरा जास्त झाली की केसासारखी तार वितळून तिचा थेंब व्हायचा. म्हणजे बापाच्या हातची वस्तू गेली, पाटलांच्या घरी नारळावर मांडायच्या कानबाईचं नाक उघडं राहिलं, आणि सुपडूच्या ओसरीवर पुन्हा कोण येणार! म्हणून त्या आठवड्यात त्यानं शेगडी सारवली, तराजू पुसला, शेजाऱ्याच्या दाराची कडीसुद्धा बसवून दिली. नथ मात्र डबीतच.

दगूबाई पिठाच्या हातानंच दारात आली.

"चिमटा आखो किती घासशात? झिजी जाई तो!"

"आते करस," सुपडू म्हणाला.

"हाई 'आते' नागपंचमीपासून चाली ऱ्हायनं."

सुपडूनं चिमटा खाली ठेवला. मग हळूच बोलला, "मन्हा हातखाले ती वितळी गई तं?"

असं खरं तो कधी बोलला नव्हता.  दगूबाईनं जात्याकडे बोट केलं. रोटाचं दळण अर्धं सोडू नये, ही सासूची शिस्त. आज ती तीच मोडायला निघाली होती.

"मी जात्यापुढे बठी शे. तुमनी फुंकणी थांबनी, का मन्हं जातं थांबनं. रोट अर्धा ऱ्हायना तं कानबाईले तुम्हीनच सांगा."

"हाई काय धाक शे का!"

"शेच."

ती आत गेली. जातं मुकं. आता देवीचा रोट आपल्यापायी अडला, हे काही सुपडूला सोसेना. त्यानं कोळसे घातले, विस्तव केला, डबी उघडली. आधी मोती उतरवावे म्हणून मोठा मोती सरकवला, तर त्याच्याखाली तारेला एक गाठ दिसली. तिथं जुना डाग होता, बापाच्याच हातचा, जाड, घाईत दिलेला, मोत्याखाली झाकून टाकलेला.

सुपडूनं नथ उजेडाकडे धरली. मग एकटाच मोठ्यानं हसला.

"दगू! आबानी बी जाळेल शे वं!"

"मग फुंका की!"

फुंकणी ओठाला लागली तशी आत जातं घरघरलं. विस्तव लाल झाला, डाग चकाकला, तारेत मुरला. सुपडूनं फुंकर आवरली. तार शाबूत होती. त्याच्या कपाळावरचा घाम आता कुठं त्याला कळला.

कानबाई पाठीशी असते हो, पण कोळसे आपल्यालाच घालावे लागतात.

मोती ओवून झाले तेव्हा सुपातला शेवटचा दाणाही जात्यात गेला होता. दगूबाईनं हळदीचं फडकं आणून दिलं, नथ त्यात बांधली.

"येताना चन्यानी दाळ लई या, पुरणले पुराव नही."

सुपडूनं टोपी घातली आणि गजराबाईकडे नथ पोचवून वाण्याकडून डाळ आणायला निघाला.