नावं न दिलेली आकृती

गेल्या फेब्रुवारीत एका मंगळवारी सकाळी, लातूरच्या डॉक्टरांनी एका फॉर्मच्या मागच्या बाजूला आईच्या किडन्यांची आकृती काढली. घेवड्याच्या दाण्यासारखे दोन आकार, खाली दोन नळ्या, कागदाच्या उजव्या बाजूच्या दाण्यात पेनाचा ठिपका. "हा मुतखडा. ऑपरेशन लागेल." बहीण नांदेडला असते, म्हणून तिथे करायचं ठरलं. डॉक्टरांची चिठ्ठी, सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि ती आकृती पिशवीत घालून आम्ही दुपारची एसटी धरली.

अहमदपूर सुटल्यावर आईने पिशवी उघडली. ती औशाच्या शाळेत विज्ञान शिकवायची. आकृतीला नावं दिली नाहीत की अर्धा गुण कापायची.

"रिपोर्टात उजवी किडनी लिहिलीय," ती म्हणाली. "यांनी डावी दाखवलीय."

मी पाहिलं. "ठिपका उजवीकडेच आहे की."

"आकृतीतला माणूस आपल्याकडे तोंड करून असतो. त्याची डावी आपल्या उजवीकडे. पेपरात नोकरी करतोस आन् असं वाचून राहिलास?"

चिठ्ठीत बाजू लिहिलेलीच नव्हती. मी लातूरला तीनदा फोन लावला. कुणी उचलला नाही. मग आकृती आणि रिपोर्ट आळीपाळीने बघत राहिलो. लोहा येईपर्यंत कागद घडीवर फाटायला आला.

"ठेव ते. फाडलंस तर तिथं काय दाखवू?"

नांदेडच्या डॉक्टरांपुढे तिने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. "यातलं एक चुकलंय. कोणतं, ते तुम्ही सांगा."

"मॅडम, आकृती नुसती समजावण्यापुरती असते."

"मला डावी समजली."

डॉक्टरांनी पुन्हा सोनोग्राफी करायला सांगितली. तेवढ्या वेळात मी दवाखान्याचा जिना किती वेळा चढलो-उतरलो, मोजलं नाही. रिपोर्ट आला: उजवी.

गुरुवारी सकाळी सिस्टरने मार्करने आईच्या कमरेवर उजव्या बाजूला बाण काढला. आईने मान वळवून तो पाहिला.

"नाव द्या त्याला."

"आजी, शाळेत होता का तुम्ही?" सिस्टर म्हणाली आणि बाणाखाली 'उजवी' लिहिलं.

सव्वानऊला आईला आत नेलं. पावणेअकराला डॉक्टर बाहेर आले. खडा छोट्या डबीत होता. डबीवर आईचं नाव, तारीख आणि बाजू लिहिली होती. बाजू उजवी होती.