दुपारी मी झोपत नव्हतो

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. तशी त्यात चोरीमारी काही नाही. मी कुणाचं पाहून लिहिलं नाही, बाहीत चिठ्ठी नेली नाही. मी फक्त झोपत नव्हतो.

एकोणीसशे तीसच्या आगेमागे सोलापुरात कॉलेज नव्हतं. आम्ही दोघं पुण्याला शिकत होतो. मी इथल्या विणकराचा मुलगा, घरात तेलुगू. तो दुधनीच्या अडत्याचा, घरात कानडी. आपसात मराठी. परीक्षेआधीची सुट्टी लागली की दोघं सोलापूर गाठायचो. तो मामाकडे राहायचा, आमच्याच गल्लीत, चार घरं टाकून.

त्याला मनात वाचता येत नसे. ओसरीत येरझाऱ्या घालत मोठ्यानं घोकायचा. समोर विड्या वळत बसलेल्या बायकांना इंग्लंडचे राजे पाठ झाले होते. हा अडला की त्यातली एखादी मान वर न करता पुढचं नाव सांगायची. मग हा हात जोडून म्हणायचा, "अक्का, परीक्षेला माझ्याबरोबर तुमीच चला की!"

दिवसाला आठ तास वाचायचा, आणि उघडपणे. मी मात्र सगळ्यांना सांगायचो, "आपण काही वाचत नाही बुवा. वर्गात ऐकलेलं पुरतं." का सांगायचो, हे आता कळतं. आमच्या घरात राबणं सगळ्यांनाच येत होतं. वडील राबत, आई राबे, आजोबा मागावर बसल्या बसल्या गेले. राबून पास झालो असतो तर मी त्यांच्यातलाच एक. न राबता पास होणारा पेठेत एकही नव्हता. तो मला व्हायचं होतं.

सोलापूरच्या उन्हात बारा ते चार सगळी पेठ आडवी होते. वडील माग सोडून कलंडले की मी पुस्तक घेऊन मागाखाली उतरायचो. विणणाऱ्याला पाय सोडून बसता यावं म्हणून जमिनीत खड्डा असतो. आत गारवा असे, आणि दारातून पाहणाऱ्याला नुसतं ताणलेलं सूत दिसे, मी दिसत नसे. रोज चार तास मी तिथं वाचत होतो.

दोनच्या सुमाराला हा हटकून यायचा. काहीतरी अडलेलं असायचं. आई दारातच सांगायची, "निजलाय रे."

"निजू द्या, मावशी," तो एकदम आवाज उतरवायचा. "डोकं हाय त्याला. आमचं तसं न्हाय, लई घासावं लागतंय." मग आईनं दिलेलं ताक आवाज न करता प्यायचा आणि पाय न वाजवता जायचा, का, तर माझी झोप मोडू नये. हे सगळं मला हातभर अंतरावरून ऐकू येत असे.

तो गेला की आई खड्ड्यात वाकून तेलुगूत फटकारायची, "सोन्यासारखं पोर. आणि तू मला त्याच्याशी खोटं बोलायला लावतोस? उद्या तू सांग, मी नाही सांगणार." दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच सांगायची. ताक मात्र त्याला जास्त द्यायची.

इंटरचा निकाल वर्तमानपत्रात आला. मला सेकंड क्लास. त्याचा नंबर नव्हता. त्याच संध्याकाळी तो पेढे घेऊन आमच्याकडे आला, माझ्या पासाचे.

"झोपून सेकंड क्लास, मर्दा! जागा ऱ्हायला असतास तर युनिव्हर्सिटीच हलली असती."

वडील म्हणाले, "पुन्हा बस की तू. एका वर्षानं काय होतंय?"

"आमचे वडील बी तेच म्हनत्यात. अजून एक वरीस घे म्हनले. मीच नगं म्हनलो, काका. आठ आठ तास वाचलो की मी. ह्यो झोपला. ह्यात वर्साचा काय दोष? डोक्याचा हाय. उगं कशाला ओढायचं?"

हे तो हसत बोलला. आई चुलीपाशी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि पाहतच राहिली. एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य जिभेवर आलंही होतं. मी म्हणालो, "नशीब एकेकाचं."

तो दुधनीला जाऊन गादीवर बसला. मी बी.ए. झालो, मास्तर झालो. मैत्री तुटली नाही, हेच अवघड. दर वर्षी भेटायचा, आणि चार लोकांत माझ्या झोपेची गोष्ट अभिमानानं सांगायचा. मीही हसायचो.

गेल्या मे महिन्यात त्याच्या घरी गेलो होतो. थोरली मुलगी कॉलेजच्या पहिल्याच वर्षी नापास झालेली. कोपऱ्यात गहू निवडत बसली होती. तो समजुतीनं म्हणाला, "सोड बाई ते आता. आपल्या घरात तसलं डोकंच न्हाय. ह्या काकांसारखं झोपून पास हुनारे येगळे."

मी म्हणालो, "मी झोपत नव्हतो."

त्याला वाटलं थट्टा आहे. मग मी सगळं सांगितलं.

"रोज?" त्यानं विचारलं.

"रोज."

"मी यायचो तवा जागा हुतास?"

"हो."

तो उठून दुकानात गेला. जेवायला आला तेव्हा वाढणं, आग्रह, सगळं नुसतं रीतीप्रमाणे झालं. संध्याकाळी स्टेशनवर गडी सोडायला आला. तो नाही.

परवा त्याच्या मुलीचं पत्र आलं. पुन्हा फॉर्म भरला आहे. तिनं लिहिलंय, "रोज किती वेळ वाचावं आणि कसं, ते कळवा. आप्पा म्हणतात, त्यालाच विचार, त्याला म्हाईत हाय. फक्त ह्या खेपेला खरं सांगाया सांग."