खुंट्याला हात लावल्याशिवाय

माघातल्या सकाळी शेजारच्या हातमागांवरच्या ओल्या सुताचा आणि रंगाचा तुरट वास नव्या पेठेमागच्या आमच्या मुलींच्या शाळेत आधी शिरे, आणि मुली मागाहून येत. एकोणीसशे तिसाच्या आसपासची ती वर्षे. मी तिथे इंग्रजी आणि इतिहास शिकवीत असे. इतिहासाच्या पुस्तकात विलायतेचे राजे ओळीने गादीवर बसत आणि ओळीने मरत. इंग्रजीच्या तासाला ‘डू नॉट’चे ‘डोन्ट’ का होते, हे मुलींना काही केल्या उमगत नसे. धडधाकट शब्द मोडायचाच कशाला, हा त्यांचा प्रश्न तसा रास्तच होता.

मला ओवी आठवली. जात्याच्या फेऱ्यात बसावे म्हणून बाया ‘येत आहे’चे ‘येतेय’ करतात, ‘म्हणून’चे ‘म्हून’ करतात, आणि अर्थाचा एक दाणाही सांडत नाही. वर्गातल्या यमुनेला मी एखादी ओवी म्हणायला सांगितले, तर ती लाजून म्हणाली, ‘‘हातात खुंटा नसला की ओवी येत न्हाय, बाई.’’ तेव्हा शिपायाच्या बिऱ्हाडातले जाते वर्गात आले. रिकामे जाते ओढू नये, म्हणून त्याच्याच घरून मूठभर ज्वारीही आली. खिडकीतल्या कोवळ्या उन्हात पिठाचे धूसर कण तरंगू लागले आणि यमुनेचा गळा मोकळा झाला:

दुकाळाच्या साली माय तळ्याची खडी फोडी
तान्ह्या लेकराला लिंबाच्या सावलीला सोडी

हे तळे करमाळ्याकडचे, यमुनेच्या आजोळचे. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या दुष्काळात ते सरकारी कामावर बांधले गेले, तेव्हा पोटासाठी बायकांनी तिथे खडी फोडली. आपला इतिहास असा आपल्याच दळणात असतो, असे मी मोठ्या उत्साहाने सांगत होते, तोच यमुनेची आई दारात उभी राहिली. तिच्या येण्याची कुणकुण मला होती, आणि एवढी हुशार पोर हातची जाणार म्हणून जीव आधीच खट्टू झाला होता.

‘‘बाई, पोरीचं नाव काडा,’’ ती म्हणाली. ‘‘लगीन ठरतंय तिचं.’’ मग तिची नजर जात्याकडे गेली. ‘‘साळंत जातं? आन् ओवी अशी अर्धीच?’’

उत्तराची वाट न पाहता ती लेकीसमोर बसली. खुंट्याला हात लागताच तिचा आवाज निराळाच झाला:

मुकादमदादा, पान्हा दाटला दाटला
रडून माज्या बाळाचा आवाज आटला

ही ओवी यमुनेनेही कधी ऐकली नव्हती. ‘‘माज्या आयची ओवी ही. त्ये बाळ म्हंजी माजं थोरलं भावंड,’’ आई जाते थांबवून म्हणाली. ‘‘न्हाय जगलं. म्हून घरात म्हनत न्हाय मी ही.’’

मघाशी इतिहास म्हणून जे मी ठसक्यात सांगितले, ते या बाईच्या घरातले मरण होते, आणि त्या मरणाला साधे नावही मिळालेले नव्हते.

आईने शिपायाचे पीठ गोळा करून ठेवले, उठली, दारापर्यंत गेली आणि तिथूनच वळून म्हणाली, ‘‘यमे, लिवून घे की ती. मी गेल्यावर त्या लेकराची ओवी कोन म्हननार?’’

नाव काढायचे की ठेवायचे, हे विचारायचा मला धीर झाला नाही. यमुनेने दौतीत टाक बुडवला. आई परत आली, आणि वाचता न येणाऱ्या डोळ्यांनी एकेक अक्षर उमटताना पाहत लेकीच्या पाठीशी उभी राहिली.