उसना हात

रविवारी सकाळी मी स्टेशनमागच्या कॉइन लाँड्रीत कपडे धुवायला जातो. बायको आणि मुलगी पुण्यात, जपानचं पोस्टिंग माझ्या एकट्याचं. तिथे ती दिसायची, जवळच्या अमेरिकन तळावरची, जखमी सैनिकांवर उपचार करणारी. ड्रायर फिरत असताना ती डोळे मिटून स्वतःच्या मांडीला रक्त थांबवायचा पट्टा आवळायची, सोडायची, पुन्हा आवळायची.

एकदा तिने मला विचारलं, "तुमचा हात देता? माझी परीक्षा आहे. पास झाले तर बिल्ला मिळतो. फार थोड्यांना मिळतो."

मी बाही वर सरकवली. या देशात सगळे लांबून वाकतात, अंगाला कोणी हात लावत नाही. तिने पट्टा चढवला, तो आवळायची दांडी पिळली आणि म्हणाली, "घाबरू नका. मी इथेच आहे. कुठेही जात नाही."

"हेही परीक्षेत असतं?"

"असतं ना! तिथे जखमी म्हणून बाहुला असतो. तो उत्तर देत नाही, तरी बोलत राहायचं."

मग दर रविवारी हेच. हाताला मुंग्या यायच्या, पण मला बरं वाटायचं.

मध्ये बरेच रविवार ती आलीच नाही. काल आली. ड्रायरमधून काढलेल्या तिच्या गणवेशावर छातीशी नवा बिल्ला शिवलेला होता. मी अभिनंदन केलं. ती मनापासून हसली, कपड्यांच्या घड्या घातल्या, अगदी इथल्यासारखी लांबून वाकली आणि गेली.

तिला दारात पाहताच मी बाही वर सरकवली होती. ती हळूच खाली ओढली.